दुसरा गिअर: जीपच्या टी-९० गिअरबॉक्सच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

काल कसारा घाट उतरताना दुसरा गिअर पुन्हा निसटला. या वेळी दोनदा. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, इंजिनाने गाडी धरली, आणि पुढच्या वळणाआधीच लिव्हर स्वतःहून न्यूट्रलला आला. पुढचा सगळा घाट मी डाव्या हाताने लिव्हर दाबून धरला आणि उजव्या हाताने स्टिअरिंग सांभाळलं.

ज्यांनी ही गाडी चालवलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. महिंद्राची सीजे-३बी, पेट्रोल, तीन गिअरचा टी-९० बॉक्स, त्याच्या पाठीला ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटणारा दुसरा बॉक्स. पहिल्या गिअरचं गुणोत्तर २.७९८, दुसऱ्याचं १.५५१, तिसरा थेट. पहिल्याला सिंक्रो, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी रचना, नाही, त्यामुळे चालत्या गाडीत तो सहज पडत नाही. म्हणजे घाट उतरताना भरवसा फक्त दुसऱ्यावर. तो सुटला की उरतात चार जुने ड्रम ब्रेक, आणि ते तापले की काय होतं ते मला अनुभवून बघायचं नाही. दुरुस्ती झाल्याशिवाय गाडी विक्रोळीबाहेर न्यायची नाही, हे आज ठरवलं.

मागचा इतिहासही इथेच लिहून ठेवतो. दीड वर्षापूर्वी हीच तक्रार घेऊन एका गॅरेजमध्ये गेलो होतो. त्यांनी बॉक्स उघडून पितळी सिंक्रो रिंगा आणि स्प्रिंगा बदलल्या. दोन महिने गाडी छान चालली. मग पुन्हा तेच.

आज खालून बघितलं. बेल हाउसिंगचे बोल्ट घट्ट आहेत. मागच्या माउंटिंगचं रबर ठीक आहे. मग दोन्ही बॉक्सचे लेव्हल प्लग उघडले. गिअरबॉक्समध्ये बोट घातलं तर तेल लागलंच नाही. ट्रान्सफर केसचा प्लग मात्र सैल करताच तेल बाहेर धावलं. म्हणजे गिअरबॉक्सचं तेल मेन शाफ्टच्या (ताकद मागे ट्रान्सफर केसकडे नेणारा शाफ्ट) मागच्या बेअरिंगमधून ट्रान्सफर केसमध्ये जातंय. या जोडीचा हा जुनाच आजार आहे. पण गिअर कोरडा का चालला याचं उत्तर मिळालं.

१८ आणि १९ जानेवारी

बॉक्स खाली उतरवला. दोन दिवस लागले.

क्रम असा: दोन्ही प्रोपेलर शाफ्ट, स्पीडोमीटरची केबल, ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमवरची हँडब्रेकची केबल, क्लचची जोडणी, आतून फ्लोअर प्लेट आणि तिन्ही लिव्हर. इंजिनच्या चेंबरखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावला, मग क्रॉस मेंबर सोडवला. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकत्रच खाली येतात, वेगळे करायचे ते जमिनीवर. हे धूड एकट्याने उतरवू नये. इनपुट शाफ्ट क्लच प्लेटमधून पूर्ण सुटण्याआधी बॉक्स लोंबकळला तर प्लेट वाकते. शेजारचे काका आले म्हणून निभावलं. काकांची उभी हयात लेथवर गेली, निवृत्तीनंतरही त्यांचा हात मायक्रोमीटरसारखा चालतो.

ट्रान्सफर केस वेगळी करायला मागची झाकणप्लेट काढून मेन शाफ्टच्या टोकाचा मोठा नट सोडवावा लागतो. कॉटर पिन काढली, पान्यावर पाइप चढवला आणि दोघांनी जोर लावला तेव्हा सुटला. नोंद: नट चांगला घट्ट होता. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलवर फोटो काढले, निघालेला प्रत्येक भाग क्रमाने प्लायवर मांडून त्याखाली खडूने आकडा घातला.

२६ जानेवारी, रविवार

गॅलरीत टेबल लावलं. शेजारच्या इमारतीच्या पुनर्विकासाचं काम चालू आहे, कन्नमवार नगरात सध्या सगळीकडेच आहे, आणि ती बारीक सिमेंटची धूळ बेअरिंगची वैरीण. तीन बाजूंनी ओल्या चादरी सोडल्या. झेंडावंदन करून आल्यावर बसलो.

वरचं झाकण काढलं. शिफ्ट रेल, त्यांच्या खाचा, त्यात बसणारे बॉल आणि स्प्रिंगा बघितल्या. खाचांच्या कडा शाबूत, स्प्रिंगांत दम आहे. दुसऱ्या-तिसऱ्याचा फोर्क वाकलेला नाही. पितळी रिंगा दीड वर्षाच्याच, त्यांच्या दातांवर काही नाही. रिंग कोनवर दाबून फिरवली तर पकडते.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण गेल्या महिन्यात मला चार जणांनी छातीठोकपणे सांगितलं, ‘सिंक्रो गेला असणार.’ सिंक्रो रिंग गिअर धरून ठेवत नाही. तिचं काम एवढंच, की गिअर पडण्याआधी दोन फिरत्या भागांचा वेग एक करायचा. रिंग झिजली तर गिअर टाकताना कर्रकर्र होईल, पडलेला गिअर बाहेर येणार नाही. पडलेल्या गिअरला धरतात ते स्लीव्ह (फोर्क सरकवतो ते कडं) आणि गिअर यांचे एकमेकांत अडकलेले दात, रेलवरचा बॉल, आणि शाफ्ट आपापल्या जागी असणं. शाफ्ट पुढेमागे सरकत असेल तर दात अर्धेच अडकतात आणि एकटा बॉल त्यांना फार काळ धरू शकत नाही.

आता फक्त पाय काढल्यावरच का निसटतो? दुसऱ्या गिअरचे दात तिरके आहेत. तिरक्या दातांतून ताकद गेली की गिअर शाफ्टच्या दिशेने ढकलला जातो. इंजिन गाडीला ओढतं तेव्हा तो एका बाजूला रेटला जातो, गाडी इंजिनाला ओढते तेव्हा उलट बाजूला. कुठेतरी ढिलाई असेल तर ती उतारावरच उघडी पडते.

म्हणून रिंगा बाजूला ठेवून फट मोजायचं फीलर गेज घेतलं. ले शाफ्टवरच्या (मेन शाफ्टखालचा जोडशाफ्ट) गिअरच्या संचाचा पुढेमागे प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, ०.०१२ ते ०.०१८ इंच हवा, म्हणजे ०.३० ते ०.४६ मिलिमीटर. माझा निघाला ०.८५. दोनदा मोजला, मग काकांना मोजायला लावला. त्यांचाही ०.८५.

संचाच्या टोकाशी हा प्ले आवरणारी चकती, थ्रस्ट वॉशर, बाहेर काढून नखाने चाचपली. पितळेला एका बाजूने चंद्रकोरीसारखी झीज होती, काठाला ब्लेडसारखी धार. दुसऱ्या गिअरच्या डॉग दातांवर (स्लीव्हमध्ये अडकतात ते), उतारावर भार येतो त्याच कडेला, तांदळाच्या कणीएवढी गोलाई. मेन शाफ्टचं पुढचं टोक ज्या सुट्या रोलरांवर फिरतं त्यातल्या तीन रोलरांना खड्डे. तेलाविना चालल्याच्या या खुणा.

मला वाटलं, सापडलं.

१ फेब्रुवारी, शनिवार

मसजिद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीट. बेअरिंगसाठी मुंबईत मी दुसरीकडे जात नाही. जुनी बेअरिंगं पिशवीत घेऊन गेलो, कारण तिथे गाडीचं नाव सांगून उपयोग नसतो, बेअरिंगवर कोरलेला नंबर सांगावा लागतो. दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवून नंबर वाचला आणि माळ्यावरच्या पोराला एकाच शब्दात ओरडून सांगितला. दोन मिनिटांत डबी खाली.

मेन शाफ्टच्या मागच्या बेअरिंगला एका बाजूने सील असलेलं मागितलं. सील ट्रान्सफर केसच्या बाजूला ठेवायचं. म्हणजे गिअरबॉक्सचं तेल बेअरिंगच्या गोळ्यांना मिळतं, पण पलीकडे जात नाही. तेल पळण्यावर मला माहीत असलेला सगळ्यात सोपा उपाय हाच.

दुसरा गिअर, थ्रस्ट वॉशरचा संच आणि नवे रोलर कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळाले. मागची पोलादी वॉशर दोन जाडींत मिळते, दोन्ही घेतल्या, कारण प्ले त्यावरच जमवायचा असतो. तेलाच्या दुकानात मात्र जीएल-५ प्रतीचं गिअर ऑइल हातात ठेवलं. परत केलं. जीएल-५ मधली जास्तीची गंधक-फॉस्फरसची द्रव्यं पितळी रिंगांना खाऊ शकतात आणि ते तेल निसरडंही जास्त, सिंक्रोला पकड मिळत नाही. डिफरन्शियलला ठीक. इथे जीएल-४ च हवं. दुकानदार म्हणाला, ‘पाच नंबर चारपेक्षा भारी.’ इथे आकडा मोठा म्हणजे माल चांगला असं नाही, हे त्याला समजावत बसलो आणि लोकल चुकली.

८ आणि ९ फेब्रुवारी

जोडणी. वरच्या वहिनींच्या मुलाची दहावी २१ तारखेपासून. त्या खाली येऊन फक्त एवढंच म्हणाल्या, ‘भाऊजी, हातोडीचं काम असेल तर तेवढं संध्याकाळी सातच्या आत उरका.’ मी त्यांना शब्द दिला की हातोडी लागणारच नाही. काकांचंही तेच मत होतं. ‘ठोकून बसवलेलं बेअरिंग नवं राहत नाही,’ असं ते म्हणतात. गोळ्यांवरून बसलेला ठोका वाटीत खड्डा करतो आणि तो पुढे आवाज करतो.

म्हणून मेन शाफ्ट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला. बायकोने मटारच्या पिशव्या आईकडे पाठवल्या. पुढचं उघडं बेअरिंग जुन्या कढईत तेलात गरम केलं, साधारण १०० अंश, थर्मामीटर लावून. सीलवालं तेलात घालता येत नाही, ते १०० वॅटच्या दिव्यावर पाऊण तास ठेवलं. हातमोजे घालून उचललं, थंड शाफ्टवर सरळ धरलं, आणि ते हलकेच घसरत खांद्याला जाऊन टेकलं. आवाज आला तो फक्त टक् एवढा.

ले शाफ्टचं काम नाजूक. गिअरच्या संचाच्या पोटात सुईसारखे बारीक रोलर असतात, खरा शाफ्ट घालेपर्यंत त्यांना जागेवर धरायला काहीतरी लागतं. काकांनी भांडुपला ओळखीच्या लेथवर एक खोटा शाफ्ट काढून आणला, खऱ्यापेक्षा किंचित बारीक आणि संचाच्या लांबीएवढाच. आत ग्रीसचा थर द्यायचा, एकेक रोलर चिमट्याने उभा करायचा, शेवटचा रोलर दोघांच्या मध्ये अंगठ्याने दाबला की सगळे एकमेकांना धरून उभे राहतात. मग खोटा शाफ्ट आत. संच केसच्या तळाशी ठेवायचा, आणि खरा शाफ्ट मागून ढकलत खोट्याला पुढून बाहेर काढायचं. दोघांची टोकं एकमेकांना सतत चिकटलेली हवीत, केसाएवढी फट पडली तर रोलर त्यात कोसळतो.

एक कोसळलाच. ढकलताना हाताला अडथळा लागला, तिथेच थांबलो. जोर लावला असता तर शाफ्टही गेला असता. सगळं परत काढलं, मोजलं, एक कमी. चुंबक दोरीला बांधून गॅलरीभर फिरवलं. मोरीच्या जाळीपाशी सापडला. काढले तेवढे रोलर आत गेले हे दोघांनी वेगवेगळं मोजून मग पुढे गेलो.

प्ले: जाड वॉशर लावून ०.३५. बसला.

ट्रान्सफर केस जोडली, नट आवळला, कॉटर पिन घातली. सगळं फोटोंवरून, उलट क्रमाने.

१६ फेब्रुवारी, रविवार

बॉक्स वर चढवला. तेल भरलं, दोन्ही लेव्हल प्लगपर्यंत. पहिला फेरफटका कॉलनीत, मग पूर्व द्रुतगती मार्गाच्या सर्व्हिस रोडवर. दुसऱ्या गिअरची जुनी घरघर गेली. तिसऱ्यातून दुसऱ्यात लिव्हर लोण्यात सुरी जावी तसा जातो. रात्री झोप चांगली लागली.

२३ फेब्रुवारी, रविवार

पवईहून गांधीनगरकडे उतरताना दुसऱ्यात होतो. पाय काढला. निसटला.

गाडी पार्क केली आणि आज हात लावला नाही.

१ मार्च, शनिवार

आठवडाभर एकच विचार. मोजलेलं सगळं बरोबर होतं, मग मी काय मोजलं नाही?

गिअरच्या संचाचा प्ले मोजला. दुसऱ्या गिअरचा प्ले मोजला. पण मेन शाफ्ट अख्खाच्या अख्खा पुढेमागे सरकतो का, हे मी कधीच बघितलं नव्हतं. तो मागच्या बेअरिंगवर घट्ट आवळलेला असतो हे मी गृहीत धरलं. त्याला आवळतो कोण? तोच मोठा नट, ट्रान्सफर केसचा गिअर मध्ये धरून.

नट तर घट्ट होता. दोघांनी पाइप लावून काढला होता, मी तसं लिहूनही ठेवलंय.

रात्री मॅन्युअलमधली सुट्या भागांची आकृती काढली आणि माझे फोटो तिच्या शेजारी ठेवले. आकृतीत क्रम आहे: गिअर, चपटी वॉशर, नट, कॉटर पिन. माझ्या १९ जानेवारीच्या फोटोत आहे: गिअर, नट, कॉटर पिन.

वॉशर नाही. माझ्याकडून हरवली नाही, ती तिथे नव्हतीच. आधी ज्यांनी बॉक्स उघडला त्यांनी ती घातली नव्हती. वॉशर नसल्यामुळे नट आट्यांच्या शेवटापर्यंत गेला आणि तिथे अडकून घट्ट झाला. घट्ट होता तो शाफ्टवर. गिअरला आणि बेअरिंगला तो दाबतच नव्हता. आणि मी एवढे फोटो काढून, आकडे घालून, ती चूक जशीच्या तशी परत बसवली. काढलेल्या भागांचे फोटो काय होतं ते दाखवतात. काय असायला हवं होतं ते आकृतीतच बघावं लागतं. हे मी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलंय.

२ मार्च, रविवार

या वेळी बॉक्स उतरवायची गरज नाही. ट्रान्सफर केसचं तेल काढलं, मागची झाकणप्लेट खोलली, नट समोर. काकांचं डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप) चुंबकाच्या पायावर केसला लावलं, काटा शाफ्टच्या टोकावर टेकवला. नटाला पुलरने धरून मागे ओढलं, मग लाकडी दांड्याने पुढे रेटलं. काटा ०.६ मिलिमीटर फिरला. पाऊण मिनिट आम्ही दोघं नुसते तो काटा पुढेमागे फिरताना बघत होतो.

ज्याच्या टी-९० चा दुसरा गिअर निसटतो त्याने बॉक्स उतरवण्याआधी ही मागची प्लेट उघडून बघावी. एका सकाळचं काम आहे. मी पाच आठवडे उलट्या टोकाने सुरुवात केली. अर्थात ०.८५ चा प्ले आणि खड्डे पडलेले रोलर आज ना उद्या बदलावेच लागले असते, ते वाया गेलं नाही.

९ मार्च, रविवार

वॉशर. नुसती बाजारातली पातळ वॉशर चालणार नाही, ती नटाखाली वाटीसारखी वाकते. काकांनी भांडुपला कडक पोलादाची काढून आणली, दोन्ही तोंडं घासून समांतर केलेली. हातात घेतली तर आरशासारखी, वजनाला नाण्याएवढी.

गाडी गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला म्हणजे शाफ्ट फिरत नाही, आणि नट आवळला. या वेळी नट थांबताना हाताला वेगळंच जाणवलं. आधी तो एकदम अडकायचा, भिंतीला टेकल्यासारखा. आता हळूहळू जड होत गेला. तीनचार भाग एकमेकांवर आवळले जातात तेव्हा असंच जाणवतं. खाच पिनच्या भोकासमोर आणायला अजून थोडा पुढे घेतला, मागे सैल केला नाही. डायल गेज पुन्हा लावलं. काटा जागचा हलत नाही.

प्लेटला नवं गॅस्केट, तेल, बंद.

२३ मार्च, रविवार

वरच्या मुलाची परीक्षा १७ ला संपली, तो आज बरोबर आला. मागे काका. पहाटे साडेपाचला निघालो, शहापूरला चहा, घाट चढून इगतपुरी, तिथून वळलो.

उतरताना दुसऱ्यात टाकला आणि पाय काढला. लिव्हरवर हात ठेवला नाही, मांडीवर ठेवला. पहिलं वळण. दुसरं. एका ठिकाणी मुद्दाम पाय दाबला, सोडला, दाबला, सोडला, म्हणजे जोर दोन्ही बाजूंनी यावा. लिव्हर थरथरलासुद्धा नाही. इंजिन एका सुरात गाडी धरून होतं. पोराने विचारलं, ‘काका, झालं का?’ मागून उत्तर आलं, ‘घाट संपू दे.’

घाट संपला. खाली टपरीपाशी गाडी थांबवून बॉक्सला हात लावला, हात ठेवता येईल एवढाच गरम.

घरी आल्यावर, गाडी निवल्यानंतर दोन्ही लेव्हल प्लग उघडले. गिअरबॉक्सचं तेल बोटाला लागलं, होतं तिथेच आहे. ट्रान्सफर केसमधून काही ओघळलं नाही. मागच्या आउटपुट सीलमधून मात्र थेंब पडतोय, पार्किंगमध्ये रुपयाएवढा डाग आहे. सीलचा नंबर लिहून घेतलाय, शनिवारी नागदेवी.